औषध मारलं, तरी पाखरं परत का येतात?

"फवारलं त्या दिवसापासून चार दिवस बागेत एक पाखरू नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर कडेच्या ओळीतले घड फोडलेले." जानेवारीत द्राक्षाच्या घडात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागली, की हे वाक्य मला फोनवर ऐकू येतं. कधी निफाडहून, कधी दिंडोरीहून, कधी थेट तासगावहून. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "दादा, औषध डुप्लिकेट निघालं का?"

कधी कधी निघतंही. पण बहुतेक वेळा पाखरं दूर ठेवायचं हे औषध ठीक असतं आणि आपली त्याच्याकडची अपेक्षाच चुकलेली असते. मी स्वतः दोन हंगाम या चक्रातून गेलो आहे. पहिल्या वर्षी दुकानदाराशी भांडलो. दुसऱ्या वर्षी मात्रा दुप्पट केली, त्यात कोवळी पानं करपली आणि बुलबुल आठवड्याच्या आत परत आले ते आलेच. तिसऱ्या वर्षी फवारणीनंतर रोज सकाळी तासभर बागेत नुसता बसून राहिलो, तेव्हा कुठे उलगडा व्हायला लागला. घड वाचतो तो पाखराच्या आठवणीमुळे. औषधाचं काम एवढंच, की ती आठवण तयार करायची. म्हणून बाटलीत बिघाड शोधण्याआधी पाखरू काय शिकलं ते बघावं लागतं.

आधी तासभर बसा

उजाडायच्या आधी जाऊन कडेच्या ओळीपासून वीस-पंचवीस पावलांवर बसायचं. मोबाइल बंद, हालचाल नाही. दुर्बीण असली तर उत्तम. पाखरू घडाशी काय करतं, एवढंच पाहायचं.

पाखराने मण्यात चोच घातली आणि लगेच मान झटकून चोच तारेला घासायला लागलं, तर त्याच्या तोंडाला झोंबलं आहे. म्हणजे औषध अजून मण्यावर आहे. पाखरू तारेवर उतरलं, घडाकडे पाहिलं आणि न टोचताच उडून गेलं, तर ते बहुधा शिकलेलं आहे. अशी पाखरं तीन-चार दिसली तर फार बरं वाटून घ्या, ती आपल्या कामाची आहेत. आणि पाखरू आरामात एकामागून एक मणी खात बसलं असेल, तर एक तर मण्यावर औषध उरलेलं नाही, नाहीतर त्या पाखराला त्याचा अनुभव कधी आलेलाच नाही. ही दोन कारणं बाहेरून सारखी दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पुढचं सगळं मुख्यतः ही दोन वेगळी ओळखण्याबद्दल आहे.

झोंबणारं औषध आणि पोट ढवळणारं औषध

बाटलीवरचं नाव सोडा, घटक वाचा. घटकच लिहिलेला नसेल तर ती बाटली परत करा. पक्षीरोधक रसायनं ढोबळमानाने दोन घराण्यांतली असतात.

पहिल्या घराण्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव मिथाइल अँथ्रॅनिलेट. आपल्या नाकाला हा पदार्थ गोड, द्राक्षासारखा वाटतो. कॉनकॉर्ड या अमेरिकी जातीच्या द्राक्षाचा खास वास याच्यामुळेच असतो, आणि मोगऱ्यात, संत्र्याच्या फुलातही तो थोडा असतो. खाद्यपदार्थांना स्वाद देण्यासाठी माणूस तो कित्येक वर्षं वापरतो आहे. पाखराच्या तोंडात मात्र तो आग लावतो. कांदा चिरताना किंवा मिरची खाताना आपल्या चेहऱ्यातली जी ट्रायजेमिनल नस ठणाणा करते, तीच नस पाखरात या पदार्थाने चेतवली जाते. असल्या अँथ्रॅनिलेटांचा पक्षीरोधक म्हणून वापर अमेरिकेत मॉर्ली केअर यांनी पुढे आणला. १९६१ सालचं त्यांचं पेटंट जनावरांच्या खाद्यावर तुटून पडणाऱ्या पाखरांसाठी होतं.

इथे एक गंमत आहे आणि ती कामाचीही आहे. मिरचीचं बरोबर उलटं. मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्याला पोळतं, पाखराला त्याचं काहीच वाटत नाही. सस्तन प्राण्यांच्या वेदना टिपणाऱ्या ज्या ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, कॅप्सायसिन जाऊन बसतं, त्याचं पाखरातलं रूप कॅप्सायसिनला दाद देत नाही, हे २००२ साली कोंबडीच्या ग्राहकावर काम करून दाखवलं गेलं. आपल्याला हे सांगायला प्रयोगशाळा नको होती. पिंजऱ्यातल्या पोपटाला हिरवी मिरची खायला देणारं घर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तरीही दर वर्षी कुणीतरी मिरची-लसणाचा काढा करून पाखरांसाठी द्राक्षावर मारतो आणि विचारतो, "उपयोग का झाला नाही?" जंगली मिरचीचं बी पसरवण्याचं काम पाखरंच करतात. झाडाला तोंड पोळायचं असतं ते उंदराचं, कारण तो बी चावून मोडतो. काढा किडींसाठी करत असाल तर तो वेगळा विषय, पाखरांच्या यादीतून तो आजच काढून टाका.

पुन्हा मिथाइल अँथ्रॅनिलेटकडे. त्याची अडचण अशी की ते उडून जातं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात मण्यावर ते काही दिवसच टिकतं. काही कंपन्या त्याला बारीक आवरणात बंद करून देतात, त्याने थोडं लांबतं, इतकंच. दुसरी अडचण शिकण्यातली. तोंडाला झोंबलं की पाखरू त्या क्षणी मागे हटतं. त्यासाठी त्याला काही शिकावं लागत नाही. तव्याचा चटका बसला की आपण हात मागे घेतो, तसंच. पण तवा गार झाला की आपण परत हात लावतोच. चटक्याची आठवण राहते, पण ती कच्ची असते, आणि भूक लागली की पाखरू पुन्हा चाखून बघतं. तोवर औषध उडालेलं असेल तर त्याला एकच गोष्ट कळते, की आता झोंबत नाही. फोनवरचा "पाचवा दिवस" म्हणजे बहुतेक वेळा हाच. औषध खोटं नव्हतं, ते संपलं होतं. बाहेरदेशी शेतात घेतलेल्या चाचण्यांमध्येही या रसायनाचे निकाल कुठे बरे, कुठे नगण्य असे संमिश्र आले आहेत, ते यामुळेही.

मात्रा वाढवून हे सुटत नाही. जास्त मात्रेत ते पानं जाळतं, हे मी माझ्या खर्चाने शिकलो. शिवाय मण्याला वेगळाच वास राहू शकतो, आणि थॉमसन जातीच्या घडाला दुसऱ्याच द्राक्षाचा वास येणं व्यापाऱ्याला चालत नाही.

श्रीखंड आणि निळं पाणी

दुसऱ्या घराण्याचं काम अगदी निराळं. तोंडात काहीच जाणवत नाही. पाखरू खातं, उडून जातं आणि काही वेळाने त्याचं पोट ढवळतं, उलटी होते, ते मलूल होऊन बसतं. मग मात्र ते अन्न ते दीर्घकाळ टाळतं. अँथ्राक्विनोन या घराण्यातलं. १९४० च्या दशकापासून ते पक्षीरोधक म्हणून माहीत आहे. मेथिओकार्ब हे कीटकनाशकही याच प्रकारे काम करायचं, एके काळी अमेरिकेत चेरी आणि ब्लूबेरीवर ते पाखरांसाठी मारलं जात असे.

हे शिकणं कसं असतं ते आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. लग्नात श्रीखंड खाल्लं, रात्री उलट्या झाल्या, की मग पुढे वर्षभर श्रीखंडाचा वासही नको वाटतो. दोष श्रीखंडाचा नसला तरी. आजारपण आणि खाणं यात तासांचं अंतर असलं तरी मेंदू दोष खाण्यालाच चिकटवतो. खाण्यालाच असा दोष चिकटतो हे जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांवर दाखवलं. सॅकरिन घातलेलं गोड पाणी देताना त्यांना किरणोत्सर्ग दिला, आणि नंतर ते उंदीर गोड पाण्याला तोंड लावेनासे झाले.

पण पाखरू म्हणजे उंदीर नव्हे. १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. उंदरांना आणि बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांना निळ्या रंगाचं आंबट पाणी पाजलं आणि अर्ध्या तासाने औषध देऊन आजारी पाडलं. नंतर चाचणी घेतली तेव्हा उंदीर आंबट पाणी टाळत होते, रंगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लावे निळं पाणीही टाळत होते, आणि आंबटपणापेक्षा निळा रंग त्यांनी जास्त पक्का धरला होता. उंदीर चवीने लक्षात ठेवतो, पाखरू मुख्यतः डोळ्यांनी.

आपल्या बांधावरही हेच चाललेलं असतं. रुईवर वाढणारं केशरी रंगाचं, काळ्या कडांचं फुलपाखरू पाहा. किती संथ उडतं, जसं काही कुणाची भीतीच नाही. रुईचा कडू, विषारी चीक अळीपणीच त्याच्या अंगात उतरतो. अननुभवी पाखरू ते एकदा धरतं आणि पुढे तो रंग दिसला तरी सोडून देतं. १९६० च्या दशकात लिंकन ब्राउअर यांनी अमेरिकेतल्या 'ब्लू जे' नावाच्या पाखरांना याचंच चुलतभावंड, मोनार्क फुलपाखरू, खाऊ घालून उलट्या करताना आणि नंतर नुसत्या नजरेने नाकारताना दाखवलं.

ही दुसरी रीत शेतात किती छान चालते त्याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं. तिथे सँडहिल क्रौंच पक्षी पेरलेला मका उकरून खातात. बियाण्याला अँथ्राक्विनोन चोळून पेरलं तर ते थोडं खाऊन मका सोडतात, पण शेत सोडत नाहीत. तिथेच फिरून किडे आणि मागच्या हंगामाचं सांडलेलं धान्य टिपतात. इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनने या कामात बरंच लक्ष घातलं. क्रौंचही राहिला, मकाही राहिला. पाखरू हाकलावं लागलं नाही, फक्त ते एक गोष्ट न खायला शिकलं.

मग आपण द्राक्षावर हेच का मारत नाही? कारण बियाणं जमिनीत जातं आणि द्राक्ष तोंडात. अँथ्राक्विनोनला युरोपात पीकसंरक्षणासाठी मान्यता नाही, मेथिओकार्बची मान्यता तिथे २०१९ मध्ये संपवली गेली. मेथिओकार्ब तर मधमाशीलाही मारतं. कुणी "खास पाखरांसाठी" म्हणून असलं काही खाण्याच्या द्राक्षावर मारायला सांगत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. ज्या रसायनासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते, म्हणजे जवळजवळ शून्य. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात कसे अडकले होते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. मिथाइल अँथ्रॅनिलेटवालं औषध असलं तरी त्याची नोंदणी आहे का, द्राक्षावर लेबल क्लेम (द्राक्षावर वापरायची लेबलवरची परवानगी) आहे का, आणि काढणीच्या किती दिवस आधीपर्यंत मारता येतं, हे आधी विचारा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारा, ग्रेपनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या नोंदणीत, नाव असेल तर निर्यातदाराला विचारा. मारून झाल्यावर विचारू नका.

म्हणजे आपल्या हातात कच्ची आठवण तयार करणारं औषध आहे, आणि ती आठवण पक्की करायची आहे. आता बिघाड कुठे होतो ते बघू.

उशीर

माझ्या पाहण्यातली सगळ्यांत मोठी चूक ही. पाखरू टाळायला शिकतं, तसंच ते यायलाही शिकतं. घडात पाणी उतरायला लागलं की सुरुवातीला एखाद-दोन बुलबुल, एखादी साळुंकी चाखायला येते. मणी अजून आंबट असतो, ती दोन मणी टोचून जाते. आपण म्हणतो, दोन मण्यांनी काय होतंय. दर दोन दिवसांनी ती येऊन बघते. गोडी भरते तशी ती ओळ तिच्या रोजच्या वाटेत येते, आणि तिला बघून दुसरी येतात. ओळीतले पाच-दहा टक्के घड फुटल्यावर आपण पंप काढतो. तोवर पाखरांना पंधरा दिवसांचा गोड अनुभव झालेला असतो आणि आपण त्याच्यासमोर एका सकाळचं झोंबणं ठेवतो. इथे आठवणींचा सामना होतो आणि जुनी जिंकते.

म्हणून पहिली फवारणी चाखायला आलेल्या त्या पहिल्या पाखरांसाठी असावी, मणी मऊ पडायला लागताच. त्यांना या घडाची पहिली चव झोंबरीच मिळायला हवी. आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस राखण सगळ्यांत कडक. माणूस, चमकपट्टी, गोफण, जे असेल ते याच दिवसांत. बहुतेक जण राखण्या काढणीच्या आठवड्यात लावतात. पैसे तेवढेच लागतात, उपयोग अर्धाही होत नाही.

चमकपट्टी महिनाभर आधी बांधू नका. पाखराला नव्या वस्तूची भीती असते, पण काही दिवस पट्टी फडफडली आणि काहीच झालं नाही की ती तारेसारखीच वाटायला लागते. पट्टी, नवा रंग, नवा आवाज, हे सगळं फवारणीच्याच दिवशी येऊ दे.

अर्धवट फवारा

घड घट्ट असेल तर औषध बाहेरच्या मण्यांना लागतं, आतले कोरडे राहतात. ब्लोअर घाईत पळवला तर घडाची एक बाजूच ओली होते. पेपर लावलेल्या घडाचं तर बोलायलाच नको, औषध कागदावर आणि मणी आत कोरडा. पेपर फाडून पाखरू आत गेलं की त्याच्यासाठी मेजवानीच.

हे नुसतं कव्हरेजचं गणित असतं तर एवढं वाईट नव्हतं. पण शिकण्याच्या बाजूने पाहा. फवारलेला मणी आणि कोरडा मणी पाखराला दिसायला सारखे. एक टोचला, झोंबलं. दुसरा टोचला, गोड. डोळ्यांनी शिकणाऱ्या प्राण्याला धरायला खूणच नाही. मग ते चाखत चाखत निवडायला शिकतं, आणि नुकसान उलट वाढतं, कारण एक मणी खाण्यासाठी चार फुटतात आणि त्या चारांवर गांधीलमाश्या आणि कूज येते.

अमेरिकेत स्कॉट वर्नर आणि सहकाऱ्यांनी याच जागेवर काम केलं आहे. पाखरांना आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो. अँथ्राक्विनोनबरोबर अतिनील प्रकाशात वेगळी दिसणारी खूण अन्नावर दिली, तर कमी रसायनातही पाखरं ते टाळतात असं त्यांना आढळलं. खूण अन्नावरच असली पाहिजे, हा त्यातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. बांधावरच्या निशाणाशी पाखरू पोटदुखी जोडेलच असं नाही. खाण्याच्या द्राक्षावर आपण रंग मारू शकत नाही, मण्यावरचा नैसर्गिक पांढुरका थर पुसला तरी भाव पडतो. म्हणून आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच: जी ओळ फवारायची ती दोन्ही बाजूंनी, घड ओला होईपर्यंत. सगळी बाग पातळ फवारण्यापेक्षा झाडांकडच्या कडेच्या पाच-सहा ओळी नीट भिजवणं बरं. वडा-लिंबाकडची बाजू, विजेच्या तारांखालची बाजू, ओढ्याकडची बाजू. पाखरू जिथे बसून बाग न्याहाळतं तिथूनच ते शिरतं.

नवी पाखरं

सकाळी बसल्यावर तुम्हाला काही पाखरं न टोचता उडून जाताना दिसली आणि त्याच वेळी दुसरी खुशाल खाताना दिसली, तर औषध टिकलेलं आहे की नाही हे बघायच्या आधी बघा, की खाणारी पाखरं कालचीच आहेत का.

बुलबुल, साळुंकी, चष्मेवाला ही आपल्या शिवारातली रहिवासी. ती रोज तीच, शिकली तर आपल्या उपयोगी पडणारी. भोरड्यांचं तसं नाही. त्या हिवाळी पाहुण्या, मोठ्या थव्याने फिरणाऱ्या, एप्रिलपर्यंत परतणाऱ्या. शाळू उभा असेपर्यंत त्यांचा मुक्काम तिकडे असतो, शाळू निघाला की त्या दुसरं काही शोधतात. आज उतरलेल्या थव्याने तुमच्या बागेची चव कधी घेतलेली नसते. त्यातल्या प्रत्येक पाखराने एक-एक मणी चाखून शिकायचं ठरवलं तर थवा शहाणा होईपर्यंत ओळ संपते. थव्यासाठी फवारणीवर विसंबू नका, तिथे राखण्या किंवा जाळी.

एक दिलासा मात्र आहे. सगळ्यांना स्वतः टोचून शिकावं लागत नाही. लाल खांद्याच्या अमेरिकी काळ्या पाखरांवरच्या १९८२ सालच्या प्रयोगात, दुसऱ्याला आजारी पडताना पाहणाऱ्या पाखरांनीही ते अन्न टाळलं. फिनलंडमध्ये २०१८ साली रामगंगा पाखराच्या, म्हणजे ग्रेट टिटच्या, बाबतीत तर नुसती चित्रफीत पुरली. बेचव खाऊन चोच घासणारं, मान झटकणारं पाखरू पडद्यावर पाहिलेल्या टिटांनी तशी खूण असलेलं भक्ष्य कमी धरलं. म्हणून तारेला चोच घासणारा बुलबुल दिसला तर त्याच्यावर दगड भिरकावू नका. त्याला घासू दे, शेजारच्याला बघू दे. फवारणीनंतरचे पहिले काही तास बागेत फटाके वाजवून पाखरं उडवली तर ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबतच नाही, आणि औषध उन्हात वाया जातं. मी फवारणी संध्याकाळी करतो, सकाळी पाखरांना येऊ देतो, आणि राखण नवाच्या पुढे सुरू करतो.

पोपट

पोपटांवर माझ्याकडे फवाऱ्याचा उपाय नाही. बुलबुल मणी टोचून खातो किंवा गिळतो, पोपट चावा घेतो, थोडं खातो आणि बाकीचं टाकतो. वर मारलेलं औषध बरंचसं सालीबरोबर खाली पडतं. सूर्यफुलातही हीच अडचण: पाखरू टरफल सोलून टाकतं आणि औषध टरफलावर असतं. पोपटांचा थवा असेल तर जाळी. ती ताणून बांधा, ढिली जाळी पाखरांच्या गळ्यात अडकते, आणि दिवसातून दोनदा फिरून अडकलेलं सोडवा. पूर्ण बाग झाकणं परवडत नसेल तर थव्याच्या येण्याच्या बाजूची कड झाका. विषारी दाणे टाकण्याचा सल्ला कुणी देईल. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि त्या दाण्यांनी अळ्या टिपणारी कोतवाल-साळुंकी आधी मरतात.

दुसरं खाणं कुठे आहे?

हे थोडक्यात सांगतो, पण विसरू नका. टाळायला शिकलेलं पाखरूसुद्धा दुसरं काही मिळालं तरच टाळतं. बांधावरचा उंबर तोडला, कडेची बोरं काढली, पाणी कुठे ठेवलं नाही, तर उन्हात तहानलेल्या पाखराला द्राक्ष झोंबलं तरी चालतं. बागेपासून लांब एका पसरट मडक्यात रोज पाणी भरून बघा. माझ्याकडे साळुंक्यांची दुपारची फेरी त्याने कमी झाली.

साखरेचं पाणी मारण्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. साळुंकी-भोरडीच्या कुळात सुक्रोज पचवणारं विकर नसतं, साध्या साखरेने त्यांचं पोट बिघडतं, हे खरं आहे आणि त्यावर परदेशात फवारे करूनही पाहिले आहेत. पण द्राक्षात ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, ते त्यांना छान पचतं. आणि साखर घडावर मारली तर मधमाश्या, गांधीलमाश्या आणि काळी बुरशी बोलावल्यासारखं होईल. करू नका.

या हंगामात एवढं करून बघा

पाणी उतरायच्या आधी कडेच्या फवारायच्या ओळींत वीस घडांना रंगीत सुतळी बांधा, तेवढेच घड न फवारायच्या एका ओळीत, आणि वीस बागेच्या मध्यात. दर तिसऱ्या दिवशी फुटलेले मणी मोजून वहीत लिहा, शेजारी फवारणीची तारीख, ऊन, आणि सकाळी कोणतं पाखरू काय करताना दिसलं ते. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींचे आकडे पहिले तीन-चार दिवस वेगळे आणि नंतर सारखे झाले तर औषध उडतं आहे, लेबलवरच्या अंतराने पुढची फवारणी घ्या किंवा ते पैसे जाळीत घाला. पहिल्या दिवसापासूनच सारखे असतील तर कव्हरेज तपासा, मग बाटली. आणि फवारलेली ओळ आठ दिवस शांत राहून एका सकाळी एकदम फुटली असेल, तर वहीत त्या तारखेला भोरड्यांचा थवा लिहिलेला आहे का ते बघा.

पुढच्या वर्षी फोन कराल तेव्हा ती वही जवळ घेऊन बसा.